लॅव्हेंडर लावलेली सुरमई

अत्तर लावून मासे घ्यायला जाऊ नये, ही गोष्ट मला एकावन्नाव्या वर्षी कळली. आधी कोणी सांगितली नव्हती, कारण आमच्या काळाचौकीत आजवर कोणाला तसं सांगायची वेळच आली नव्हती!

तसा माझा आणि सुगंधाचा संबंध बेताचाच. सणावाराला टाल्कम पावडर, लग्नकार्यात गजरा, आणि एरवी फोडणी. पण शेरॉनने बाटली दिली. शेरॉन म्हणजे आमच्या अमेयची, माझ्या मुलाची, मैत्रीण. (आता होणारी बायको म्हणायला हरकत नाही, पण तेव्हा आमच्या घरात 'मैत्रीण' एवढंच चालायचं, कारण सासूबाईंनी लग्नाला हो म्हटलं नव्हतं. नाहीही म्हटलं नव्हतं. "बघूया" म्हणाल्या होत्या. आमच्याकडे किचनच्या टाइल्स बदलायचं 'बघूया' अजून चालू आहे.) मुलगी गिरगावची, ईस्ट इंडियन कॅथलिक (म्हणजे मुंबईच्याच मूळच्या ख्रिश्चनांपैकी), नोकरी सांभाळून घरी सुगंधी तेलं बनवते. तिने माझ्यासाठी खास एक बनवलं होतं. लॅव्हेंडर आणि मध.

"काकू, हे कपड्यांना नाही, अंगाला लावायचं. मनगटावर एक थेंब, कानामागे एक थेंब. बस!"

मी मान हलवली. पण मनात म्हटलं, दोन थेंब? तेल आणि दोन थेंब? आम्ही कोकणातली माणसं. तेल म्हटलं की आम्ही ते वाटीत घेतो, कोमट करतो आणि अंगात जिरेपर्यंत चोळतो. दोन थेंबांत आमच्याकडे तवासुद्धा पुसून होत नाही!

त्या रविवारी शेरॉनची आई, ग्रेस, पहिल्यांदा आमच्याकडे जेवायला येणार होती. म्हटलं, पोरीने दिलेलं तेल आज लावलं नाही तर कधी लावणार? बाटलीच्या तोंडाशी एक गोळी बसवलेली होती. ती मनगटावर फिरवायची असते म्हणे. मी फिरवली. मनगट जेमतेम ओलं झालं. मला वाटलं बाटली तुंबली. तेव्हा स्वयंपाकघरातून सांडशी आणली, गोळी उपटून काढली, अर्धी बाटली तळहातावर ओतली आणि मनगटापासून कोपरापर्यंत, कोपरापासून खांद्यापर्यंत, मानेला, गळ्याला असं व्यवस्थित चोळलं. हाताला उरलं ते केसांना पुसलं. वाया कशाला घालवायचं!

पाचच मिनिटांत घरभर असा वास सुटला की आमचे हे दाढी अर्धी टाकून बाहेर आले आणि म्हणाले, "कोणी पूजा घातलीय का?"

इथे मला आमच्या सासूबाईंबद्दल सांगितलं पाहिजे, कारण खरी गोष्ट त्यांचीच आहे. आई म्हणजे आमच्या अख्ख्या बिल्डिंगचं नाक. मूळच्या मालवणकडच्या, मासा नुसता हुंगून तो कधीचा आहे, बर्फात किती राहिलाय, हे त्या सांगायच्या आणि कोळणी मान खाली घालायच्या. मासा बोटाने दाबून कोणीही बघतं. आईंना तो प्रकार कमीपणाचा वाटायचा. त्या कल्ला उचलायच्या, नाक लावायच्या, डोळे मिटायच्या आणि निकाल द्यायच्या. दुसऱ्या मजल्यावरच्या, चौथ्या मजल्यावरच्या बायका बशीत बांगडे घेऊन आमच्या दारात उभ्या राहायच्या. "आजी, एवढं बघा ना!"

आणि मागच्या वर्षी आई तापाने पडल्या. ताप उतरला, अशक्तपणा गेला, पण वास काही परत आला नाही. मला कळलं कसं, तर एकदा तव्यावर बोंबील जळून कोळसा झाले, धूर हॉलपर्यंत आला, आणि आई तव्याच्या शेजारी बसून शांतपणे मटार सोलत होत्या. मी धावत येऊन गॅस बंद केला. त्यांनी तव्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. एवढ्या वर्षांत त्या माझ्यासमोर घाबरलेल्या मी तेव्हाच बघितल्या.

"वैशू," त्या हळूच म्हणाल्या, "कोणाक सांगू नको हां."

मी नाही सांगितलं. यांना नाही, अमेयला नाही. डॉक्टर म्हणाले, येईल, वेळ लागेल. तोवर बिल्डिंगमधल्या बश्या काही थांबत नव्हत्या! मग आम्ही दोघींनी एक युक्ती काढली. आई कल्ला उचलून नाक लावणार, डोळे मिटणार, सगळं पूर्वीसारखं. मी त्यांच्या खांद्याशी वाकून उभी. खरा वास मी घेणार. मासा ताजा असेल तर मी मंगळसूत्राला हात लावायचा. नसेल तर खोकायचं. मग आई निकाल देणार. वर्षभर हे खातं बिनबोभाट चाललं होतं. कोणाला शंका आली नाही. फक्त खालच्या मजल्यावरची एक बाई मला सारखी खोकल्याच्या गोळ्या देत असे.

तर त्या रविवारी आई आणि मी निघणार, तेवढ्यात ग्रेसबाईच दारात! शेरॉनला बरोबर घेऊन, हातात केक घेऊन, जेवणाच्या तीन तास आधी.

"आजी, मी मुद्दाम लवकर आली," ग्रेसबाई म्हणाली. ही मंडळी घरात मराठीच बोलतात, फक्त आपल्या वळणाची. "अमेय बोलतो, आजी नुसत्या वासानं सांगते मासा कवाचा हाय. आमच्या घरात पन सगळ्यांना मासा लागतो. मना बगायचंय तुमी कसं घेता ते!"

आईंचा चेहरा खुलला. "चल गो बाय," त्या ऐटीत म्हणाल्या. "आज तुका इसवण खावक घालतंय." इसवण म्हणजे सुरमई. आमच्याकडे नव्या पाहुण्याला याहून मोठा मान नाही.

शेरॉन घरी नारळ खवायला थांबली. तिने माझ्याकडे बघून नाक किंचित वर केलं आणि विचारलं, "काकू, तेल लावलंत?"

"लावलं ना! अगदी तू सांगितलंस तसं."

"दोन थेंब?"

"साधारण."

आईंच्या गुडघ्यांसाठी टॅक्सी केली. टॅक्सीवाल्याने चारही काचा खाली केल्या, पुढच्या सिग्नलला स्वतःचं डोकं बाहेर काढलं, आणि शेवटी म्हणाला, "ताई, वो अगरबत्ती बुझा दो ना." ग्रेसबाई खिडकीबाहेर बघत हसू दाबत होती. मला मात्र अजून काहीच गैर वाटत नव्हतं. उलट छान वाटत होतं! आयुष्यात पहिल्यांदा मी कुठल्यातरी सिनेमातल्या बाईसारखी दरवळत होते.

मार्केटात पाय ठेवला आणि मी जागीच थांबले.

मार्केटात वासच नव्हता!

म्हणजे तुम्ही विचार करा. रविवारची सकाळ, मच्छी मार्केट, पायाखाली बर्फाचं पाणी, दोन्ही बाजूंनी पापलेट, कोळंबी, बोंबील, मांदेली, आणि मला येतोय तो फक्त लॅव्हेंडर आणि मध. मी पदर नाकाला लावला. लॅव्हेंडर. हात लांब धरून बघितला. मध. सुकटीच्या ढिगाशी वाकून जोरात श्वास घेतला. नुकत्याच धुतलेल्या चादरींचं दुकान! आणि पुढे आई ग्रेसबाईंना समजावत चालल्या होत्या, "डोळे बघून सगळे घेतत गो. डोळ्यांवर जावचा नाय. नाकावर जावचा."

आमची नेहमीची कोळीण त्या दिवशी आली नव्हती. आई दुसऱ्याच एकीपुढे थांबल्या. एक लांबलचक सुरमई उचलली, कल्ला उघडला, नाक लावलं, डोळे मिटले. मी खांद्याशी वाकले. श्वास घेतला. लॅव्हेंडर. पुन्हा घेतला. मध.

आई वाट बघत होत्या. मी ना मंगळसूत्राला हात लावला, ना खोकले. काय करणार! खोकावं आणि सुरमई ताजी असली तर? मंगळसूत्राला हात लावावा आणि ती शिळी निघाली तर? दोन्ही बाजूंनी माझी अक्कल संपली होती. आईंचं नाक कल्ल्यात, डोळे मिटलेले, आणि एक पापणी हळूच उघडून माझ्याकडे बघतेय. ग्रेसबाई श्वास रोखून उभी. वेळ जात होता. शेवटी कोळीणच वैतागली.

"अगो आजी, मासा घेतेस का मुका घेतेस त्याचा?"

आजूबाजूच्या कोळणी हसल्या. आईंचे कान लाल झाले. मला इतकं वाईट वाटलं की सरळ सांगावं, आई, सोडा, आज चिकन करू. मी तोंड उघडणार, तेवढ्यात माझ्या तेलकट मानेवरून मंगळसूत्र सुळकन घसरलं आणि वाट्यांसकट पाठीमागे गेलं. मी सवयीने हात मागे घातला आणि ते ओढून पुढे घेतलं.

"घे!" आई कडाडल्या. "ग्रेसबाय, ही बघ, पहाटेची आसा! समुद्राचो वास येता अजून!"

ग्रेसबाईने टाळ्या वाजवायच्या तेवढ्या बाकी ठेवल्या. कोळीणसुद्धा एक क्षण चमकली. (तेव्हाच मला कळायला हवं होतं. आपलाच मासा पहाटेचा आहे हे ऐकून कोळणीला आश्चर्य वाटलं, तर कुठेतरी पाणी मुरतंय!)

घरी आलो. आई आणि ग्रेसबाई हॉलमध्ये कोकम सरबत घेऊन बसल्या, आणि मी पिशवी घेऊन स्वयंपाकघरात गेले. शेरॉनने ती उघडली आणि दोन पावलं मागे सरकली.

"काकू."

"काय गं?"

"तुम्हाला वास येत नाहीये?"

"येतोय ना! मस्त येतोय!"

"काकू, तो तुमचा येतोय. माशाचा नाही येत?"

तिने मला धरून बेसिनपाशी नेलं, बेसन आणि साबण लावून हात खांद्यापर्यंत घासायला लावले, मानेवरून ओला टॉवेल फिरवला आणि डोकं खिडकीबाहेर काढायला सांगितलं. मी रस्त्यावरची हवा घेतली, आत आले, पिशवीवर वाकले, आणि तशीच परत खिडकीत गेले. ती सुरमई पहाटेची खरी होती, पण कुठल्या पहाटेची ते देवाला ठाऊक!

"आता?" शेरॉन म्हणाली.

मला रडू यायला लागलं. सुरमईचं काय, फेकता येते. पण हॉलमधून आईंचा आवाज येत होता. त्या ग्रेसबाईंना आपल्या वडिलांच्या होडीची गोष्ट सांगत होत्या, आणि इतक्या खुशीत त्या वर्षभरात कोणाशी बोलल्या नव्हत्या. आता बाहेर कळलं की मासा नासका, तर समोर विहीण, उद्या सगळी बिल्डिंग, आणि दारात पुन्हा एक बशी यायची नाही.

"आजींना वास येत नाही ना?" शेरॉनने एकदम विचारलं.

मी चमकले. "तुला कोणी सांगितलं?"

"कोणीच नाही. मागे मी त्यांना मोगऱ्याचं तेल हुंगायला दिलं. त्या म्हणाल्या, 'वा, मोगरो काय छान येता!' काकू, बाटलीचं झाकण मी काढलंच नव्हतं."

"मग तू काही बोलली नाहीस?"

"काय बोलायचं?" ती म्हणाली. "म्हटलं, आवडला ना, बस."

मी त्या पोरीकडे बघतच राहिले. आणि नेमकी तेव्हाच हॉलमधून हाक आली, "वैशू, ती इसवण हयसर आण गो! ग्रेसबायक जरा वास घेवंदे!"

झालं! आता पळायला जागा नव्हती. आणि अशा वेळी माझं डोकं जसं चालतं तसं ते चाललं. फळीवर लॅव्हेंडरची उरलेली अर्धी बाटली होती. मी ती उचलली आणि सगळीच्या सगळी सुरमईवर ओतली. डोक्यापासून शेपटीपर्यंत. एवढंच नाही, सवयीने थोडी चोळलीसुद्धा!

"काकू! वेड लागलंय काय?" शेरॉन ओरडली.

"गप! चल माझ्याबरोबर."

मी ताट घेऊन बाहेर गेले. "आई, घोटाळा झाला," मी म्हटलं. "फळीवरून माझ्या हातून तेलाची बाटली पडली. सगळी माशावर."

आई उभ्याच राहिल्या. "काय?"

"एवढी सुंदर सुरमई," मी रडवेल्या आवाजात म्हटलं (रडू खरंच येत होतं, त्यामुळे नाटक बरं वठलं). "पार वाया गेली."

ग्रेसबाईने ताटावर वाकून वास घेतला. तिची एक भुवई वर गेली. तिने लेकीकडे बघितलं. शेरॉनने मान अगदी इतकुशी हलवली. ग्रेसबाईने पुन्हा वास घेतला, या वेळी बेताने, आणि सुस्कारा सोडला.

"अरेरे! आजी, मासा काय सॉलिड होता वो! मी मार्केटात बगितला ना. आता नुसता सेंटचा वास. शेरॉन, हे तुझं तेल लयच स्ट्राँग हाय."

"हो ना मम्मी," शेरॉन खाली मान घालून म्हणाली. "माझंच चुकलं. असं तेल घरात द्यायलाच नको होतं."

स्वतःच्या हाताने बनवलेल्या तेलाला ती पोर नावं ठेवत होती! मला तिला तिथल्या तिथे मिठी मारावीशी वाटली. पण तेवढी सवड मिळाली नाही, कारण आईंनी मला फैलावर घेतलं.

"अक्कल आसा की नाय तुका? अगो, माशाक कोणी अत्तर लावता? त्याका खयच्या लग्नाक जावचा होता? पहाटेची इसवण! म्हाताऱ्या माणसान एवढा नाक लावून आणलेली! बाटली माशाच्या वर ठेवतत?"

त्या बोलत गेल्या, मी ऐकत गेले. ग्रेसबाई मधूनमधून "जाऊ द्या आजी" म्हणत होती, म्हणजे आईंना आणखी जोर येत होता. अर्धी दुपार मी विहिणीसमोर उभी राहून बोलणी खाल्ली, आणि खरं सांगते, आईंचा तो आवाज पुन्हा ऐकून मला फार बरं वाटलं.

सुरमई गेली कचऱ्यात. (कचरा नेणारा दुसऱ्या दिवशी विचारत होता, "मॅडम, डब्ब्यात काय टाकलं? आज खूप चांगला वास येतोय.") मग आईंनी डब्यातले सुके बोंबील काढले, ग्रेसबाईने पर्समधून त्यांच्याकडच्या लाल बॉटल मसाल्याची पुडी काढली (या लोकांच्या पर्समध्ये तो असतोच!), आणि दोघींनी मिळून असं कालवण केलं की जेवायच्या वेळेला उगवलेली पुरुषमंडळी, म्हणजे हे आणि अमेय, सुरमईची चौकशी करायलाही विसरली.

संध्याकाळी अमेय पाहुण्यांना सोडायला गेला. मी भांडी लावत होते. आई येऊन माझ्याजवळच्या स्टुलावर बसल्या.

"वैशू," त्या म्हणाल्या, "त्या तेलाचो वास कसो होतो गो?"

माझ्या हातातलं ताट हातातच राहिलं. दिवसभर टॅक्सीवाल्यापासून ग्रेसबाईपर्यंत सगळे त्या वासाबद्दल बोलत होते, आणि माझ्या शेजारी बसून गेलेल्या आईंना तो आलाच नव्हता.

"मधासारखा," मी म्हटलं. "आणि... म्हणजे, उन्हात वाळलेल्या चादरीत तोंड खुपसलं तर येतो ना, तसा."

आईंनी डोळे मिटले. बराच वेळ. मग मान डोलावली. "बरो आसा," म्हणाल्या.

मी हातातलं ताट फळीवर लावलं.

"आणि ती इसवण कुसलेली होती," आई तशाच डोळे मिटून म्हणाल्या.

"कोण म्हणतं?"

"फेकताना मिया अंगठो लावून बघलंय. खड्डो पडलो तो वर येवक नाय." त्यांनी डोळे उघडले. "माका काय कळत नाय असा वाटता तुमका? तू नाटकी आसस ता माका ठाऊक आसा. पण त्या पोरीन आपला तेल वाईट म्हणून घेतल्यान. माझ्यासाठी. आपल्या आवशीच्या समोर."

मी खाली बसले आणि त्यांचा हात धरला. मग आईंनी हात सोडवून घेतला, उठल्या, आणि माझ्याकडे असं काही बघितलं जसं त्या सकाळी मार्केटात सुरमईकडे बघत होत्या.

"माझा एक गेला, आता तुझाव भरवसो नाय," त्या म्हणाल्या. "घरात एक तरी धड नाक व्हया. अमेयक सांग, त्या पोरीक लवकर घरात आण म्हणान."

अमेयला मी लगेच फोन केला. तो विचारत होता, "आजी कशी काय तयार झाली?" मी म्हटलं, माझ्यामुळे. आणि ते खोटं नाही. लग्नाची खरेदी आता सुरू आहे, रविवारी आईंबरोबर मार्केटात शेरॉन जाते, आणि मला स्वयंपाकघरात सध्या फक्त दूध तापवायचं काम दिलेलं आहे. ते उतू जाताना डोळ्यांना दिसतं.